पूर्वसूचना

भाषा बदलते याचे मला कधी दुःख झाले नाही. आजीची ‘न्याहारी’ आमच्या घरात ‘नाश्ता’ केव्हा झाली, कुणाला कळलेही नाही; आणि त्यापायी आजी काही उपाशी राहिली नाही. पण संगणकाच्या भाषेतला एखादा शब्द रद्द झाला, की तो उच्चारणाऱ्याला संगणक दारातच अडवतो.

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथसूचीसाठी मी एक प्रोग्राम लिहिला होता. भाषा पीएचपी. रास्मुस लेर्डोर्फ यांनी ती १९९५ साली जगापुढे ठेवली. वेबसाइटची पाने घडवणे हे तिचे काम. नोंदी शोधण्यासाठी मी तिच्यातल्या काही जुन्या आज्ञा वापरल्या होत्या. २०१३ साली ५.५ ही आवृत्ती बजावू लागली, की या आज्ञा पुढे राहणार नाहीत. २०१५ च्या डिसेंबरात ७.० आली आणि त्या खरोखरच गेल्या. मधली अडीच वर्षे मी काय केले? पानावर उमटणारी ती सूचनाच दिसेनाशी केली! पुढे नवी आवृत्ती बसवली गेली त्या सकाळी सूचीच्या जागी कोरे पान. वृद्ध ग्रंथपाल म्हणाले, “पुस्तके आहेत हो कपाटात, पण सापडायची कशी?”

मी भाषेवरच रागावलो. जावास्क्रिप्ट पाहा, किती मायाळू! ‘काहीच नाही’ हा कोणता प्रकार, असे तिला विचारले तर ती ‘वस्तू’ असे सांगते. ही चूक १९९५ पासूनची. ती सुधारली तर जुनी पाने मोडतील, म्हणून तशीच राहू दिली आहे. मात्र त्या मायेची किंमत प्रत्येक नवा विद्यार्थी ती चूक पाठ करून चुकवतो.

मग न्याय्य काय? मला वाटते, बदलणाऱ्याने वेळेवर सांगावे आणि आपण ते ऐकावे. पीएचपीने आपले कर्तव्य केले होते, चुकलो मी. आणि भोगले कुणी? ज्यांना त्या भाषेचे नावही ठाऊक नव्हते, त्या ग्रंथपालांनी. काळाबरोबर राहणे ही मी आजवर हौस समजत होतो. आपल्यावर विसंबलेल्यांचे ते ऋण असते, हे त्या कोऱ्या पानाने शिकवले.

अलीकडे पीएचपीची नवी आवृत्ती दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात येते. म्हणून दिवाळीची झाडलोट संपली, की फराळाची ताटली शेजारी घेऊन मी येऊ घातलेल्या बदलांची यादी वाचतो. चकली मोडते, प्रोग्राम मोडत नाही.