कागद कुणाच्या हाती

कॅलिफोर्नियाच्या बे एरियात चार मराठी आया एकत्र जमल्या की शाळा, भरतनाट्यमचा क्लास आणि घरांच्या किमती यांच्यानंतर एक विषय हमखास निघतो. मुलगी बारा वर्षांची झाली आणि दवाखान्याचं पोर्टल एकदम मुकं झालं! कालपर्यंत लेकीचे रिपोर्ट, अपॉइंटमेंटा, डॉक्टरांचे निरोप असं सगळं आईच्या फोनवर दिसायचं. वाढदिवस उलटला आणि लसींची यादी, ॲलर्जी अशा दोनचार गोष्टींपलीकडे काही उघडेना. फोन केला तर पलीकडची मुलगी अदबीनं सांगते, की बारा पूर्ण झाली की असंच असतं. "अहो, पण मी आई आहे तिची!" याला तिच्याकडे उत्तर नसतं. मग घरी नवरा सर्वज्ञपणे म्हणतो, "हिपा गं, हिपा."

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांना 'हिपा' हा शब्द बर्फ आणि टॅक्स यांच्याइतकाच परिचयाचा असतो. आईवडील भारतातून आले, वडिलांना छातीत दुखलं, मुलानं हॉस्पिटलात रिपोर्ट विचारला, की काउंटरवरून 'हिपा' हे उत्तर येतं. खरं तर रुग्णाची हरकत नसेल तर उपचारात लक्ष घालणाऱ्या नातेवाइकाशी बोलायला हिपा डॉक्टरांना मुळीच मना करत नाही. पण नाही म्हणणं सोपं आणि सुरक्षित असतं. बारा वर्षांच्या मुलीच्या बाबतीतही नवऱ्याचं उत्तर निम्मंच बरोबर आहे. हिपाचा नियम सांगतो की सर्वसाधारणपणे पालक हे मुलाचे प्रतिनिधी, त्यांना कागद बघता येतात. मात्र राज्याच्या कायद्यानं एखाद्या उपचाराला मूल स्वतः संमती देऊ शकत असेल, तर त्या उपचारापुरता हा अधिकार उरत नाही. पालकांना कागद दाखवायचे की नाही याबद्दल राज्याचा कायदा जे म्हणेल ते चालेल; तो गप्प असेल तर डॉक्टरनं ठरवावं. कॅलिफोर्नियात बाराव्या वर्षापासून लैंगिक आजारांवरचे उपचार आणि काही अटींवर मानसोपचार मुलं स्वतःच्या संमतीनं घेऊ शकतात. ती एवढीशी माहिती बाकीच्या नोंदींतून वेगळी काढणं संगणकाला अवघड जातं, म्हणून हॉस्पिटलं सरसकट पडदा ओढतात. म्हणजे इथे केंद्रीय नियमानं बाजूला होऊन वाट करून दिली आणि दार लावलं ते राज्यानं. टेक्ससनं 2025 साली नेमकं उलट केलं. इलेक्ट्रॉनिक नोंदींच्या नव्या कायद्यात त्यानं अज्ञान मुलांच्या नोंदी पालकांना खुल्या असायला हव्यात, अशी तरतूद घातली. केंद्रीय नियमाला दोन्ही चालतं.

हा गोंधळ अपघातानं झालेला नाही. 1996 साली क्लिंटन यांनी सही केलेला हिपा हा कायदा मुळात खासगीपणासाठी नव्हताच. त्याचं पूर्ण नावच 'हेल्थ इन्शुरन्स पोर्टेबिलिटी अँड अकाउंटेबिलिटी ॲक्ट'. नोकरी बदलली तरी विमा सुटू नये, ही त्यामागची मुख्य चिंता. विम्याचे व्यवहार संगणकावर आणायचे ठरलं, तेव्हा कुणीतरी विचारलं की मग रुग्णांच्या गुपितांचं काय? अमेरिकी संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, स्वतःला तीन वर्षांची मुदत घालून घेतली, की ऑगस्ट 1999 पर्यंत खासगीपणाचा कायदा करू, नाही जमलं तर आरोग्य खात्यानं नियम करावेत. अर्थातच जमलं नाही. खात्यानं डिसेंबर 2000 मध्ये नियम काढले, 2002 मध्ये त्यांत बदल केले, आणि एप्रिल 2003 पासून दवाखान्यात पाऊल टाकताच हातात पॅड देऊन सही घेण्याचा तो विधी सुरू झाला. त्या पॅडवरचा कागद वाचून सही करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पण एक गोष्ट काँग्रेसनं 1996 सालीच लिहून ठेवली होती. राज्याचा कायदा केंद्राच्या नियमाच्या विरुद्ध असेल तर केंद्राचा चालेल. मात्र राज्याचा कायदा अधिक कडक असेल तर तोच टिकेल. विमा कंपन्यांना देशभर एकच नियम हवा होता, पन्नास राज्यांचे पन्नास तऱ्हेचे फॉर्म कोण भरणार! पण एड्सच्या काळात राज्यांनी कष्टानं उभे केलेले कायदे होते. न्यूयॉर्कनं एचआयव्हीच्या माहितीसाठी 1988 मध्येच स्वतंत्र कायदा केला होता, आणि तो पुसला जावा असं तिथल्या रुग्णांना का वाटावं? तेव्हा तोडगा असा निघाला, की केंद्रानं जोतं बांधायचं, त्यावर कुणी किती मजले चढवायचे ते राज्यानं ठरवायचं.

'विरुद्ध' म्हणजे नुसतं वेगळं नव्हे. दोन्ही नियम एकाच वेळी पाळणं अशक्य असेल, किंवा राज्याचा नियम केंद्राच्या हेतूच्या आड येत असेल, तरच तो विरुद्ध. बहुतेक वेळा भांडण इथवर येतच नाही. रुग्णानं स्वतःचे कागद मागितले तर हिपा तीस दिवसांची मुदत देतो; कॅलिफोर्निया म्हणतं, पाच कामाच्या दिवसांत बघायला द्या आणि पंधरा दिवसांत प्रती द्या. पंधरा दिवसांत दिले की तीस दिवसांचा नियम आपोआप पाळला जातो. गंमत अशी की 'कडक' या शब्दाला इथे दोन तोंडं आहेत. कागद तिसऱ्याला देण्याच्या बाबतीत जो अधिक रोखतो तो कडक, पण रुग्णाला स्वतःला देण्याच्या बाबतीत जो अधिक मोकळेपणानं देतो तो कडक. हॉस्पिटलांच्या वकिलांनी 2003 च्या आसपास यावर तक्ते करायला घेतले, ते अजून संपलेले नाहीत.

या तक्त्यांचा एक रकाना थेट पुण्यापर्यंत येतो. अमेरिकी दवाखान्यांची बिलं, मेडिकल कोडिंग, डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी टाइप करणं, ही कामं वीसेक वर्षांपासून हिंजवडी, खराडी आणि नवी मुंबईतल्या मजल्यांवर चालतात. आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये, टेबलावर कागद-पेन्सिल नाही, कॉम्प्युटरचे यूएसबी बंद, वर्षातून एकदा 'हिपा ट्रेनिंग' आणि त्यानंतर परीक्षा. ज्या पोरानं ह्यूस्टन कधी पाहिलं नाही, त्याला टेक्ससचा नियम तोंडपाठ असतो. हिपाचा हात समुद्रापार पोचत नाही. पोचतो तो करार. हॉस्पिटलानं कंत्राटदाराशी केलेला, कंत्राटदारानं पोटकंत्राटदाराशी केलेला. ही साखळी किती कच्ची असते ते 2003 साली दिसलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयाचं टायपिंगचं काम हातोहात फिरत कराचीतल्या एका बाईपर्यंत गेलं होतं. पैसे थकले म्हणून तिनं रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकायची धमकी दिली. ते काम तिच्यापर्यंत पोचलंय, याचा रुग्णालयाला तोवर पत्ताच नव्हता. परदेशी काम पाठवण्यावर केंद्रानं तेव्हा बंदी घातली नाही. आता टेक्ससच्या त्याच 2025 च्या कायद्यानं नोंदी प्रत्यक्ष अमेरिकेच्या भूमीवरच साठवल्या पाहिजेत असं सांगितलंय. पुण्यात बसून नोंद उघडता येते की नाही, हा प्रश्न तिथल्या मॅनेजरांच्या मीटिंगांत सध्या फिरत असणार.

जोत्याचा दाखला सोयीचा आहे, पण त्यात एक फसवणूक आहे. जोतं म्हटलं की ते घराच्या सगळ्या खोल्यांखाली असेल असं आपण धरून चालतो. हिपा तसा नाही. तो माहितीला चिकटत नाही, माहिती ज्याच्या हातात आहे त्याला चिकटतो. डॉक्टर आणि हॉस्पिटलं, विमा योजना, बिलांची देवाणघेवाण करणाऱ्या संस्था आणि त्यांचे कंत्राटदार, एवढंच त्याचं अंगण. तीच रक्तातली साखर लॅबच्या कागदावर असेल तर संरक्षित, तुम्ही फोनमधल्या ॲपमध्ये टाकलीत की बहुधा उघड्यावर. औषधांच्या सवलतीचं कूपन देणाऱ्या गुडआरएक्सनं लोकांची औषधं जाहिरात कंपन्यांना कळवली, तेव्हा 2023 मध्ये 15 लाख डॉलरचा दंड लागला तो हिपाखाली नाही, व्यापारातलं ग्राहकहित बघणाऱ्या केंद्रीय आयोगाकडून. जनुकीय चाचण्या करणाऱ्या 'ट्वेंटी थ्री अँड मी'कडे लाखो लोकांनी हौसेनं थुंकी भरून पाठवली होती. मार्च 2025 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि लोकांचं जनुकीय भांडार लिलावात निघालं, तेव्हाही हिपाला हात लावता आला नाही. धावली ती राज्यं. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यानं आपापला नमुना नष्ट करायला सांगा, असं लोकांना जाहीर आवाहन केलं, आणि जूनमध्ये सत्तावीस राज्यं कोर्टात गेली.

अशा मोकळ्या जागी राज्यांनी स्वतःच पाया खणला. टेक्ससनं 'रुग्णाची माहिती ज्याच्या हाती येईल तो' इतकी रुंद व्याख्या केली. वॉशिंग्टन राज्यानं 2023 साली 'माय हेल्थ माय डेटा' कायदा करून ॲपवाल्यांना धरलं आणि दवाखान्याभोवती 2000 फुटांत फोनवरून लोकांचा माग काढायला मनाई केली. मला त्या कायद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटते. त्यानं सामान्य माणसाला कोर्टात जायची वाट दिली. हिपात ती नाही. तुमचं गुपित फुटलं तर हिपाखाली तुम्ही तक्रार करा, सरकार बघेल, 2009 पासून राज्यांचे महाधिवक्तेही बघतील. तुम्ही स्वतः नुकसानभरपाई मागू शकत नाही. कनेक्टिकटमधल्या एका रुग्ण स्त्रीनं आपल्या पूर्वीच्या मित्राला काही कळवू नका असं क्लिनिकला बजावलं होतं. त्यानं कोर्टाचं समन्स पाठवताच क्लिनिकनं तिला न विचारता तिची फाइल टपालानं धाडली. ती भांडली तर उत्तर मिळालं, हिपा दावा करू देत नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं की हिपा दावा देत नसेल, पण राज्याच्या कायद्यातला दावा अडवतही नाही. उलट डॉक्टरनं किती काळजी घ्यायला हवी होती हे ठरवायला हिपाचीच मोजपट्टी लावा.

इथपर्यंत वाचून राज्य हा रुग्णाचा कैवारी वाटू लागेल. तसं नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये नव्वदीच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्याचं काम बघणाऱ्या राज्याच्याच संस्थेनं नावं काढून टाकून दवाखान्यांच्या नोंदी संशोधकांना दिल्या. गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी काळजीचं कारण नाही असं सांगितलं. एमआयटीत शिकणाऱ्या लटानिया स्वीनी यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी 20 डॉलरला विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड जुळवले, आणि त्या नोंदींतून खुद्द गव्हर्नरांची फाइल शोधून काढली. नावं काढून टाकायची पद्धत हिपानं इतकी बारकाईनं लिहिली, अठरा प्रकारच्या खुणा पुसायला सांगितल्या, त्यामागे हा प्रकार होता. तरीही पुष्कळ राज्यं हॉस्पिटलांच्या नोंदी गोळा करून विकत राहिली, कारण नोंदी विकणारं राज्याचं खातं ना डॉक्टर, ना विमा कंपनी.

मग जून 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा डॉब्स निकाल आला, गर्भपाताचा घटनात्मक हक्क गेला, आणि या रचनेचा खरा कच्चा दुवा उघडा पडला. हिपा राज्याला फक्त वर चढायला परवानगी देतो हे अर्धसत्य आहे. राज्याच्या कायद्यानं माहिती देणं बंधनकारक केलं असेल, कोर्टाचा आदेश असेल, पोलिस तपास असेल, तर हिपा डॉक्टरला कागद द्यायला मोकळीक देतो. गोळीबाराच्या जखमा, बालशोषण, साथीचे रोग यांसाठी ठेवलेल्या या वाटा. त्या वाटेनं उद्या कोण येईल याचा 2000 साली कुणी फार विचार केला नसावा. बायडेन सरकारनं एप्रिल 2024 मध्ये नवा नियम काढला, की जिथे केलेली प्रजनन-आरोग्याची सेवा कायदेशीर होती, ती घेतली म्हणून चौकशी करायला हे कागद द्यायचे नाहीत. जून 2025 मध्ये टेक्ससमधल्या केंद्रीय न्यायाधीश मॅथ्यू कॅस्मारिक यांनी तो देशभरासाठी रद्द केला. जोत्यावरची वीट काढली गेली.

तोवर राज्यं थेट एकमेकांच्या अंगावर आली होती. टेक्ससच्या महाधिवक्त्यानं 2023 च्या अखेरीस सिअ‍ॅटल चिल्ड्रन्स हॉस्पिटलकडे लिंगबदलाच्या उपचारांबाबत टेक्ससच्या मुलांची माहिती मागितली. हॉस्पिटलानं स्वतःच टेक्ससच्या कोर्टात जाऊन वॉशिंग्टन राज्याच्या संरक्षक कायद्याची ढाल पुढे केली. 2024 मध्ये तडजोड झाली आणि टेक्ससनं मागणी मागे घेतली. दोन्ही राज्यं आपापल्या कायद्यानं बरोबर होती, आणि त्यांच्यात निवाडा करायला हिपाजवळ काही नव्हतं. कडक आणि ढिला ही भाषा केंद्र आणि राज्य यांच्यासाठी आहे. राज्य विरुद्ध राज्य असा सामना त्यात धरलेलाच नाही.

आणि कागद आता कागद राहिलेला नाही. एका हॉस्पिटलची नोंद दुसऱ्या राज्यातल्या हॉस्पिटलात क्षणात उघडते, कारण केंद्राचाच दुसरा कायदा माहिती अडवून धरू नका असं सांगतो. म्हणून कॅलिफोर्नियानं 2023 साली नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांना फर्मावलं, की गर्भपात, गर्भनिरोधन आणि लिंगबदल यांच्या नोंदी वेगळ्या कप्प्यात ठेवा, राज्याबाहेर आपोआप जाऊ देऊ नका. म्हणायला सोपं. गर्भपाताची नोंद लपवली तरी औषधांच्या यादीत गोळी राहते, सोनोग्राफीचं बिल राहतं. शिवाय डॉक्टर विचारतात, गर्भपात केलेली बाई आठवड्यानं डॅलसला रक्तस्राव होऊन इमर्जन्सीत आली तर समोरच्याला काय कळणार? हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझं मत असं, की ते कळवायचं की नाही हे तिनं ठरवावं, सॅक्रामेंटोतल्या किंवा ऑस्टिनमधल्या राज्य सरकारनं नव्हे. पण ठरवायचं कशाच्या जोरावर? हिपानं तिला 'अमक्याला सांगू नका' अशी विनंती करण्याचा हक्क दिलाय, पण ती मान्य करायला हॉस्पिटल सहसा बांधील नाही. बापाच्या विम्यावर असलेली चोविशीतली मुलगी त्याच अडचणीत असते. उपचाराचा तपशील सांगणारं विमा कंपनीचं पत्र बापाच्या पत्त्यावर येतं. हिपाच्या आधारे पत्ता बदलून घ्यायचा तर कंपनी तिच्याकडून 'मला धोका आहे' असं लिहून मागू शकते. कॅलिफोर्नियात नुसतं सांगितलं तरी पुरतं.

'सांगू नका' ही विनंती मान्य करणं हिपानं हॉस्पिटलला एकाच ठिकाणी बंधनकारक केलंय. 2013 पासूनचा नियम असा, की उपचाराचे सगळे पैसे रुग्णानं खिशातून भरले आणि विमा कंपनीला सांगू नका म्हटलं, तर कायद्यानं सांगणं बंधनकारक नसेल तोवर हॉस्पिटलला गप्प बसावंच लागतं. अमेरिकेत दवाखान्याचं बिल खिशातून भरणं म्हणजे काय, ते तिथे एकदा दाढ काढून घेतलेल्या कुणालाही विचारा.