गाणे कोणाचे?

दुसऱ्याने बांधलेले गाणे आपण गातो, तेव्हा त्याचे आपण काय देणे लागतो? प्रश्न साधा वाटतो. परंतु सालेह व दाऊद या कुवैती बंधूंची हकीकत कळली म्हणजे तो तितका साधा राहात नाही.

हे दोघे यहूदी भाऊ कुवेतचे. सालेहचा जन्म १९०८ सालचा, दाऊद दोन वर्षांनी धाकटा. लहानपणी त्यांच्या घरच्या एका व्यापारी नातलगाने हिंदुस्थानातून येताना एक व्हायोलिन व एक ऊद आणला. (ऊद म्हणजे येथे जाळावयाचा नव्हे, तंतुवाद्य!) त्या काळी कुवेतच्या बाजारात आपला रुपयाच चालत असे. तेथेच दोघे वादन शिकले, पुढे बसऱ्यास व बगदादला गेले. १९३६ साली बगदादला रेडिओ सुरू झाला, त्याचा वाद्यवृंद सालेहने उभा केला. सलीमा मुरादसारख्या नामांकित गायिकेने त्याच्या चाली गायिल्या. आपण जसे दिवेकर, पेणकर, अष्टमकर, तसे ते कुवैती. गाव नावात घेऊन फिरणारे.

१९५१ साली ते इस्रायेलला आले. तेल अवीवच्या हातिक्वा वस्तीत त्यांनी संसारोपयोगी भांड्यांचे दुकान घातले, आणि आकाशवाणीच्या अरबी विभागात ते वाजवीत राहिले. इकडे इराकात त्यांची गाणी चालू राहिली, पण पुढे रचनाकाराचे नाव गळाले. ‘लोकगीत’ एवढेच सांगितले जाऊ लागले.

यावर कोणी म्हणेल, यात वाईट काय झाले? गाणे लोकांचे झाले, याहून मोठा मान तो कोणता? हे म्हणणे मला पटत नाही. ओव्या कोणी रचल्या हे काळाच्या ओघात विसरले गेले; कोणी मुद्दाम पुसले नाही. येथे तर रचणारा हयात होता, दुकानात बसून गिऱ्हाइकाला पातेली दाखवीत होता. सालेह १९८६ साली वारला. जिवंत माणसाच्या कृतीला लोकगीत म्हणणे हा मान नव्हे, हिरावून घेणे आहे. आणि नावाबरोबर ते गावही गेले, हे विसरू नये.

दाऊद १९७६ साली वारला. मुलांनी संगीतात पडू नये, असे त्याचे मत होते. त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी जन्मलेला नातू दूदू तासा मात्र गायक निघाला. २०११ साली त्याने आजोबांची गाणी इलेक्ट्रिक गिटार लावून नव्याने गायिली, आणि तबकडीच्या नावातच ‘कुवैती’ हे नाव घातले. २०१७ साली अमेरिकेत रेडिओहेड या इंग्रजी वाद्यवृंदाच्या कार्यक्रमांच्या आरंभी तीच गाणी झाली. जुन्या कानांना ती गिटार खटकेल, खटकू द्या. मूळ चाल जशीच्या तशी ठेवून नाव खाणाऱ्यापेक्षा, चाल फिरवून नाव सांगणारा मला अधिक प्रामाणिक वाटतो.

मग आपले काय? आपल्या कीर्तनकारांनी १८८० च्या सुमारास हिंदू बांधवांचे कीर्तन उचलले, चालींसकट, आणि त्यात योसेफाची कथा घातली. ही उचलेगिरीच म्हणावी का? मी म्हणणार नाही. मराठी कीर्तनाच्या व नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असा शब्द छापून, पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले शब्द देत. रचणाऱ्याचे नाव त्यात नसे, हे खरे. पण चाल दुसरीकडून आली आहे, हे तरी गाणाऱ्याला प्रत्येक वेळी वाचावे लागे.