घाम कुणाचा, मोल कशाचं?

कष्टाची भाकरी गोड लागते, हे आपल्याकडे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अर्थशास्त्राने मात्र या समजुतीला आधी डोक्यावर घेतलं आणि मग खाली उतरवलं. वस्तू मिळवायला पडणारे कष्ट हीच तिची खरी किंमत, असं अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये लिहिलं. १८७१ मध्ये जेव्हन्स आणि मेंगर यांनी मोल कष्टात नसून घेणाऱ्याच्या गरजेत असतं, असं मांडलं. वेबसाइट आणि अ‍ॅप आखणाऱ्यांनी हा दुसराच धडा गिरवला. वापरणाऱ्याचा प्रत्येक क्लिक म्हणजे खर्च, तो वाचवायचा. अ‍ॅमेझॉनला एका क्लिकमधल्या खरेदीचं पेटंट १९९९ मध्ये मिळालं, आणि पुढच्याच वर्षी आलेल्या स्टीव्ह क्रगच्या पुस्तकाचं नावच होतं ‘डोन्ट मेक मी थिंक’.

मानसशास्त्राचा सूर तोवर वेगळा लागला होता. १९५९ मध्ये अ‍ॅरन्सन आणि मिल्स यांना आढळलं, की गटात शिरण्यासाठी जास्त लाजिरवाणी परीक्षा द्यावी लागली, तर त्या गटातली कंटाळवाणी चर्चाही रंजक वाटते. २००४ मध्ये क्रूगर आणि सहकाऱ्यांनी एकच कविता काहींना चार तासांत, तर काहींना अठरा तासांत लिहिलेली म्हणून दिली. अठरा तासांची सरस ठरली. मग नॉर्टन, मोचॉन आणि एरिअली यांचा २०१२ चा प्रयोग आला. आयकियाचं साधं खोकं स्वतः जोडलेल्यांनी त्याला सरासरी ७८ सेंट देऊ केले, तयार खोकं मिळालेल्यांनी ४८. यावर एक रास्त शंका निघते: हा कष्टाचा गुण, की नुसत्या ‘माझं’पणाचा? पण ज्यांना रचलेलं पुन्हा मोडायला लावलं किंवा अर्ध्यात थांबवलं, त्यांच्या बाबतीत हा परिणाम उरला नाही. हात लागले होते, वेळही गेला होता. पूर्ण झालेली वस्तू तेवढी समोर नव्हती.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच तपशील, आणि अ‍ॅपवाले नेमका तोच विसरतात. ऑनलाइन अर्जाची सहा पानं भरायची, फोटो ठरलेल्या केबीत बसवायचा, ओटीपीची वाट पाहायची, आणि शेवटच्या बटणावर ‘सेशन संपलं’. या घामाने अर्जाचं मोल काडीइतकंही वाढत नाही. उलट स्वतः रचलेल्या गाण्यांच्या यादीला माणूस वर्षानुवर्षं धरून राहतो. तेव्हा ‘थोडा त्रास द्या, कदर वाढेल’ असा अर्थ काढणं हा शुद्ध आळस आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. ब्यूएल आणि नॉर्टन यांनी २०११ मध्ये दाखवलं, की प्रवासाच्या वेबसाइटने कोणकोणत्या विमान कंपन्या धुंडाळल्या हे दाखवत ग्राहकाला थांबवलं, तर तेच निकाल झटकन मिळण्यापेक्षा ते थांबणं लोकांना आवडतं. मग काम क्षणात उरकलं असताना उगाच पट्टी सरकवत ठेवली, तर बिघडलं कुठे? बिघडतं ते इथे, की त्याच अभ्यासात निकाल फारच वाईट निघाल्यावर दाखवलेले कष्ट उलटले होते: एवढं शोधून हेच हाती लागलं? खरी शोधाशोध दाखवणाऱ्याला निदान पुढच्या वेळी आणखी चार ठिकाणी पाहता येतं. सोंग घेणाऱ्याकडे पट्टी आणखी हळू सरकवण्यापलीकडे काही नसतं.