मोराची मधुकरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. पृथ्वी, वारा, अजगर, हरिण, मधमाशी. त्यांत मोर नाही. तरी आज बोलायचं आहे ते मोराबद्दल. आपल्या यवतहून भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात गेलं, की तिथं मोराची चिंचोली आहे. यंदा पावसाळ्यात मी जाऊन आलो.

गावाचं नाव चिंचांवरून. त्या पेशवाईत लावल्या, असं जुनी माणसं सांगतात. मोर कोंडलेले नाहीत. रानात, बांधावर, कौलावर मोकळे फिरतात. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला, १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळालं. पण इथल्या माणसाला कायदा सांगावा लागत नाही. कार्तिकस्वामींचं वाहन, कृष्णाच्या मुकुटातलं पीस! त्याच्यावर दगड उचलायचा कसा?

आता, नुसत्या भावावर मोर जगत नाही हो. त्याला खायला लागतं. पेरलेलं उकरतो, कोवळे कोंब खुडतो. लांडोर अंडी घालते ती जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला. म्हणजे बांधही साफ करून चालत नाही. एका शेतकरी बाबांना विचारलं, "नुकसान होत नाही का?" म्हणाले, "व्हतं की! पण गोसावी दारात आला तर पसाभर घालतोच ना आपण?"

मी गप्पच झालो. अवधूत मधमाशीकडून हेच शिकले: थोडं थोडं घ्यावं, फुलाला इजा होऊ नये. तिच्यावरूनच मधुकरी हा शब्द आला. प्रत्यक्ष दत्तप्रभू कोल्हापुरी भिक्षेला जातात, अशी आपली श्रद्धा. मग शेतात उतरलेल्या या पाहुण्याला हाकलणार कोण? पाऊस ओढ देतो त्या वर्षी मात्र हा पसा फार जड जातो. मोटारीतून येऊन, गाणी लावून, मोराच्या मागं धावणाऱ्यांना ते दिसत नाही.

दत्तजयंतीनंतर मंडळाची सहल तिकडे न्यायचं घाटतंय. जरूर जाऊ. पहाटे पोचू, भोंगा न वाजवता. जेवण गावातच घेऊ, रास्त पैसे देऊन. आणि आधीच सांगून ठेवतो, पावसाळ्यानंतर मोराची पिसं झडतात, मार्गशीर्षात पिसारा पुरता आलेला नसतो. नाचला नाही म्हणून कुणी कुरकुर करायची नाही.