दया आणि माया

॥ श्रीविठ्ठल प्रसन्न ॥

भूतदया हा वारकऱ्याचा नित्यधर्म आहे, हे सांगायला कीर्तनकार कशाला हवा? गळ्यात तुळशीची माळ पडली की मांसाहार सुटतो. मुंगी पायाखाली आली तरी जीव चुटपुटतो. श्रीएकनाथमहाराजांनी रामेश्वराची कावड तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली, ही कथा लागली की श्रोते डोळे पुसतात. परंतु सज्जनहो, गाढवाची दया येणे सोपे आहे. सापाची येते काय? आणि आली, तर ती कोठवर न्यावी? केजच्या एका तरुण माळकऱ्याने मला हा प्रश्न घातला, त्याविषयी चार शब्द लिहितो.

गेल्या कार्तिकात केजला कीर्तन झाले. आरतीनंतर मंडळी पांगली, तेव्हा हा मुलगा झाकणाला भोके पाडलेला एक मोठा डबा घेऊन पुढे आला. मागे त्याची आई. "महाराज, ह्यात धामण हाय," म्हणाला. खरे सांगतो, मी पाय वर घेतले! तासापूर्वी सर्वांभूती देव पाहायला सांगणारा तो मीच.

हकीकत अशी. सोयाबीन काढताना धामणीच्या पाठीवर विळा बसला. कोणी काठी उगारली, ती याने अडवली. गुरांच्या डॉक्टरांकडून टाके घालून घेतले, औषध आणले आणि डब्यात ऊब व पाणी ठेवून महिना-सव्वा महिना शुश्रूषा केली. सापाचे रक्त आपल्यासारखे स्वतः ऊब धरीत नाही. बाहेरची ऊब मिळेल तसे त्याचे अंग चालते, म्हणून जखम भरायलाही वेळ लागतो. अखेर धामणीने कात टाकली आणि खालची जखम मिटलेली दिसली.

आई म्हणाली, "महाराज, दूध ठिवलं तर तोंड लावंना. मग ह्यानं सापळ्यातला उंदीर आणून घातला. माळकऱ्याच्या घरात ही कसली दया?"

मुलगा म्हणाला, "बरी झालीय, पन आता सोडवत न्हाई. माझ्या हाताची वळख पटलीय तिला. रानात सोडली तर कुनीतरी मारंल. ठिवली तर पाप हाय का?"

प्रथम आईचे बोलणे घेऊ. दूध हे सापाचे अन्नच नव्हे. धामण म्हशीला पिते ही समजूतही खोटी. तिचे अन्न उंदीर-बेडूक. शिबिराजाने कपोताला अभय दिले, तेव्हा ससाण्याने विचारले, 'याला वाचवलेस, माझ्या भुकेचे काय?' राजाने ससाण्याला पापी ठरवले नाही. त्याची भूक खरी मानली आणि स्वतःचे मांस तोलून दिले. धामण रानात उंदीर धरते तो तिचा स्वभाव. त्यात ना तिला पाप, ना आपल्याला. पण उंदीर धरून डब्यात आपण टाकला, तर त्या मरणाला आपला हात लागला. ती दुबळी होती तोवर त्याला आपद्धर्म म्हणता येईल. बरी झाल्यावर ती सबब उरत नाही.

आता मुलाचे. श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधातला भरतराजा आठवा. राज्य सोडून तपाला बसलेल्या त्या महात्म्याने प्रवाहात पडलेले हरिणाचे पाडस उचलले. ते उचलले नसते तर तो निष्ठुर ठरला असता. उचलण्यात चूक नव्हती. पाडस उड्या मारू लागले तरी मन त्यातच गुंतून राहिले, जपतप सुटले, अंतकाळी तेच डोळ्यांपुढे आले आणि पुढचा जन्म हरिणाचा मिळाला. 'याचे दुःख जावे' ही दया. 'हे माझे असावे' ही माया. दोघी एकाच दाराने घरात येतात, म्हणून ओळखू येत नाहीत. काम संपल्यावर दया आपण होऊन उठते. माया ठाण मांडून बसते.

मी म्हटले, "बाळा, तू तिला जीव दिलास, पण तिचे रान अजून दिलेले नाहीस. कोणी मारील ही भीती खरी आहे. त्यावर उपाय डबा नव्हे. ही बिनविषारी आहे, धान्य खाणारे उंदीर खाते, हे शेतकऱ्यांना सांगत जा. तीही सेवाच."

वाचकांनीही ध्यानात ठेवावे : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप घरी पाळण्यास मनाई आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांना तर कळवळा आला म्हणून हात लावू नये; दयेने विष उतरत नाही. वनखात्याला कळवावे. आपल्याच बीड जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे केंद्र आहे. तेथे जखमी वन्यजीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडतात.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही वस्तीपासून लांब एका बांधावर गेलो. झाकण काढले. धामण क्षणभर थांबली, जीभ लवलवली आणि बोराटीत सरसर निघून गेली. मागे वळली नाही. मुलाचे डोळे भरले; मग तो हसला. "वळखबिळख काय न्हाई, महाराज!"

मी म्हटले, "म्हणूनच तुझी सेवा निखळ झाली."

त्याला हे सांगितले खरे, पण परत येताना माझेच मन मला खाऊ लागले. कीर्तन संपल्यावर कोण पाया पडले, कोण तसाच गेला, हे मी अजून डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहतो. ज्या सेवेला ओळखीची अपेक्षा आहे, तिचा डबा अजून उघडलेला नाही. पांडुरंग तो उघडण्याचे बळ देवो.

रामकृष्ण हरि.