तळाला भोक



होडी किनाऱ्यावर ओढलेली असते तेव्हाच खोली व वेग मोजणारा सेन्सर बसवतात. धडधाकट तळाला आपल्याच हातांनी भोक पाडायचे! जीव कासावीस होतो. पण तिथूनच ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने खाली जातो, आपटून परततो आणि खोली कळते.

संत पौलाच्या तारवातील खलाशांनी बुडीद टाकली: २० वाव, मग १५ (प्रेषितांची कृत्ये २७). खडकांच्या भीतीने त्यांनी वरामावरून चार नांगर टाकले आणि दिवस उगवण्यासाठी प्रार्थना केली.

पापनिवेदनाला आपण असेच कचरतो. मन उघडले तर बुडू, असे वाटते. म्हणून वर्षानुवर्षे अंदाजानेच होडी हाकतो. वेगाचे चिमुकले चाकही शेवाळाने अडकते. ते अधूनमधून काढून पुसावे लागते. येत्या शनिवारी जाऊ या का?