शिरोडकरांचा टाका

चौथा महिना लागतो, पाचवा सरतो, घरात डोहाळजेवणाची बोलणी सुरू होतात आणि फारशा कळाही न येता गर्भ पडतो. पुढच्या खेपेला तेच. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा बाईच्या वाट्याला सक्तीची विश्रांती, हार्मोनची इंजेक्शने, नवससायास आणि घरच्यांचे बोल एवढेच येत असे. मुंबईच्या एका शल्यविशारदाने हे दुःख नशिबाच्या खात्यातून काढले आणि त्याचे कारण शरीरातल्या एका नेमक्या जागी दाखवून दिले. ती जागा गर्भाशयाच्या तोंडाची आणि ते शल्यविशारद डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर.

शिरोडकरांचा जन्म १८९९ मध्ये गोव्यातल्या शिरोड्याचा. त्या वेळी तिथे पोर्तुगीज अंमल होता. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात झाले. १९३१ मध्ये इंग्लंडची एफआरसीएस मिळवून ते परतले आणि पुढे त्याच कॉलेजात प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

वारंवार गर्भ गमावणाऱ्या बायकांच्या हकिगतींत त्यांना एक साम्य दिसले. यांचा गर्भ पहिल्या तीन महिन्यांत जात नव्हता, चौथ्या ते सातव्या महिन्यात जात होता. गर्भात दोष नव्हता. वाढता भार पेलण्याआधीच गर्भाशयाचे तोंड गुपचूप उघडत होते. शिकागोच्या लॅश आडनावाच्या दोघा डॉक्टरांनी १९५० मध्ये अशा सैल तोंडाची दुरुस्ती सुचवली होती, पण ती बाई गरोदर नसताना करायची. शिरोडकरांनी शस्त्रक्रिया गरोदरपणातच करायचे ठरवले. त्यात धोका होता, कारण गरोदर गर्भाशयाच्या तोंडाला हात लावला की कळा सुरू होण्याची भीती असतेच.

त्यांच्या शस्त्रक्रियेत पोटावर छेद नव्हता. बाईच्याच मांडीच्या बाहेरच्या बाजूने चिवट आवरणाची एक अरुंद पट्टी काढून घ्यायची. मग योनिमार्गातून गर्भाशयाच्या तोंडासमोर छोटा छेद देऊन मूत्राशय वर सारायचे, मागेही एक छेद द्यायचा आणि वाकड्या सुईने ती पट्टी योनीच्या अस्तराखालून तोंडाभोवती फिरवून बांधायची. टाका जितका वर, आतल्या तोंडापाशी बसेल, तितका आधार भक्कम. पुढे मांडीच्या पट्टीची जागा कृत्रिम धाग्याच्या फितीने घेतली.

१९५५ मध्ये त्यांनी ही पद्धत मद्रासहून निघणाऱ्या ‘द अँटिसेप्टिक’ या नियतकालिकात मांडली. १९५७ मध्ये मेलबर्नच्या इयान मॅकडोनाल्ड यांनी बटव्याच्या नाडीसारखा, घालायला सोपा टाका सुचवला. आजही जगभर हेच दोन टाके प्रामुख्याने घातले जातात.

शिरोडकरांचे काम एवढ्यावर संपत नाही. तरुण बायकांचे अंग बाहेर येते, तेव्हा गर्भाची पिशवी काढून टाकण्याऐवजी ती पट्टीने मागे त्रिकास्थीला बांधून वर धरण्याची शस्त्रक्रिया त्यांनी रचली. दोन्ही शस्त्रक्रियांमागे एकच आग्रह दिसतो: जिला मूल हवे आहे, तिचे गर्भाशय वाचलेच पाहिजे. १९६० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७१ मध्ये पद्मविभूषण. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले.

टाका मात्र सरसकट सगळ्यांसाठी नव्हे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,२९२ गरोदर स्त्रियांच्या एका मोठ्या चाचणीत ३३ आठवड्यांआधी होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण टाका घातलेल्यांत १३ टक्के, तर इतरांत १७ टक्के आढळले. म्हणजे साधारण पंचवीस टाक्यांमागे एकीला फायदा. पण ज्यांच्या तीन किंवा अधिक खेपा आधीच अकाली संपल्या होत्या, त्या गटात हेच प्रमाण १५ विरुद्ध ३२ टक्के होते. निवड हकिगतीवरून करावी, हा शिरोडकरांचा मूळ धागा या आकड्यांनी पक्का केला.

म्हणूनच ज्या घरात असे दुःख होऊन गेले आहे, तिथल्यांनी ते दडपून ठेवू नये. गर्भ कितव्या महिन्यात गेला, कळा आल्या की नाही, आधी पाणी गेले की रक्त, हे कागदावर टिपून ठेवावे आणि पुढच्या खेपेला दिवस गेल्याचे कळताच, पहिल्या तीन महिन्यांतच, डॉक्टरांना सांगावे. टाका लागणार असेल, तर त्याची वेळ बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमाराला येते.